डेंटल इम्प्लांट : निर्णय घेण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर रुग्णाने जाणून घ्यायच्या गोष्टी

दात काढल्यावर त्या जागी काय बसवायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. डॉक्टर इम्प्लांट सुचवतात, ओळखीचे कोणीतरी कवळीवर समाधानी असते आणि चौकातल्या फलकावर ‘तीन दिवसांत पक्के दात’ असे लिहिलेले असते. दवाखान्यात आल्यावर बहुतेक रुग्ण दोन गोष्टी विचारतात : दुखेल का, आणि खर्च किती? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण इम्प्लांट वीस वर्षे टिकणार की दोन वर्षांत काढावे लागणार, हे त्यांच्या उत्तरांवर ठरत नाही. ते ठरते जबड्याचे हाड, हिरड्या, रक्तातली साखर, तंबाखू आणि रोजची स्वच्छता यांवर. त्यामुळे या गोष्टी आधी समजून घ्या.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, तर दाताचे कृत्रिम मूळ. पूर्ण दाताचे तीन भाग असतात.

• हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्याची जाडी साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी बहुतेक वेळा ८ ते १३ मिलिमीटर असते.
• त्या स्क्रूवर बसणारा जोडभाग. याला अबटमेंट म्हणतात.
• त्यावर बसणारी कॅप. बाहेरून दिसणारा आणि चावणारा दात म्हणजे हीच.

टायटॅनियमच्या पृष्ठभागाला हाड थेट चिकटते, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. ते चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत टिकले. आजची पद्धत याच शोधावर उभी आहे. योग्य रुग्ण निवडला आणि निगा नीट राखली तर दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक इम्प्लांट्स जागेवर असतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपला स्वतःचा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. खडा चावला की लगेच कळते ते या थरामुळे, आणि मुळाशी जंतू शिरले की दात ठणकतो त्यातही त्याचा वाटा असतो. इम्प्लांटभोवती हा थर नसतो. इम्प्लांट किडत नाही, पण हा थर नसल्याने ते बिघडू लागले तरी बहुतेक वेळा दुखत नाही. पुढे सांगितलेली सगळी काळजी या एका कारणासाठी आहे.

इम्प्लांट करणे गरजेचेच असते का?

नाही. सर्वात आधी हे विचारा, की हा दात वाचू शकतो का? रूट कॅनाल, हिरडीचे उपचार किंवा कॅप यांनी दात टिकणार असेल, तर इम्प्लांटसाठी तो काढण्यात फायदा नाही. स्वतःच्या दाताची बरोबरी कोणतेही इम्प्लांट करत नाही. अक्कलदाढ काढल्यास त्या जागी काही बसवावे लागत नाही.

दात काढावाच लागला, तर चार पर्याय असतात.

• जागा रिकामी ठेवणे. अगदी मागच्या दाढेबाबत हे कधी कधी चालते. इतर ठिकाणी शेजारचे दात त्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात लांबत येतो.
• काढघालीची कवळी. स्वस्त आणि शस्त्रक्रियेविना. पण ती हलते, आणि तिच्या दाबाने खालचे हाड हळूहळू झिजत जाते.
• ब्रिज. दोन-तीन आठवड्यांत काम होते. त्यासाठी शेजारचे दोन्ही दात घासून लहान करावे लागतात. ते आधीच कॅप लावण्याजोगे असतील तर ब्रिज हा चांगला पर्याय आहे. निरोगी असतील तर ते घासण्यापूर्वी विचार करा.
• इम्प्लांट. शेजारच्या दातांना हात लागत नाही. मात्र वेळ आणि खर्च जास्त लागतो, आणि छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

घरातल्या वयस्कर व्यक्तीचे सगळे दात गेले असतील आणि खालची कवळी सारखी उचलली जात असेल, तर तोंडभर इम्प्लांट्सची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट्स बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या रुग्णांसाठी किमान एवढा उपचार पहिली निवड असावा, असे मत २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडले होते. ही कवळी रोज काढून धुता येते, त्यामुळे हात थरथरणाऱ्या किंवा विसराळू झालेल्या व्यक्तीसाठी ती पक्क्या दातांपेक्षा सोयीची ठरते.

निर्णय घ्यायला वेळ लागला तर बिघडत नाही, पण वर्षानुवर्षे थांबू नका. दात काढल्यावर त्या जागेचे हाड आक्रसू लागते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो.

डॉक्टरांपासून काय लपवू नये?

‘दातांच्या डॉक्टरांना ते कशाला सांगायचे?’ असे समजून रुग्ण अनेक गोष्टी सांगत नाहीत. इम्प्लांटच्या बाबतीत हे महागात पडते. पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

मधुमेह : मधुमेह असला म्हणून इम्प्लांट करता येत नाही असे नाही. साखर आटोक्यात असेल तर निकाल चांगले येतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. ती साधारण ७च्या आसपास असणे चांगले. ८च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात, कारण जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दोन-तीन महिने साखर आटोक्यात आणून मग इम्प्लांट करणे केव्हाही शहाणपणाचे.

तंबाखू : सिगारेट-विडी ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. तंबाखू मळून गालात धरणे, गुटखा, मिश्री यांनीही हिरड्यांचे नुकसान होते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. आपल्याकडे अनेक स्त्रिया मिश्रीला व्यसन मानत नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. मिश्रीत तंबाखूच असते, हे घरातल्यांनी समजून सांगावे. इम्प्लांटच्या आधी काही आठवडे आणि हाड जुळेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद हवी. कायमची सुटली तर उत्तमच.

हिरड्यांचा आजार : पायरियामुळे दात गेले असतील, तर तेच जंतू इम्प्लांटभोवतीही जमतात. आधी हिरड्यांचे उपचार पूर्ण करा, नंतर इम्प्लांट.

हाडांच्या ठिसूळपणाची औषधे : अॅलेंड्रोनेट, आयबँड्रोनेटच्या गोळ्या, वर्षातून एकदा दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड किंवा सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन यांमुळे काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड भरून येत नाही. ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हा धोका कमी असतो. कर्करोग हाडात पसरल्यामुळे ही औषधे जास्त मात्रेत चालू असतील तर तो बराच वाढतो, आणि अशा वेळी इम्प्लांट सहसा टाळले जाते. वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन रुग्णाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून जुन्या फायली चाळून पाहा. मात्र ही औषधे स्वतःहून बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोस चुकवल्यास मणक्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू असेल तर दात काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांटपूर्वी घरीच गोळ्या थांबवणारे रुग्ण आजही भेटतात. असे कधीही करू नका. रक्तस्राव तोंडात दाबून थांबवता येतो, पण हृदयातली किंवा मेंदूतली गुठळी जिवावर बेतू शकते. एक-दोन इम्प्लांट्ससाठी अॅस्पिरिन बहुधा थांबवावीच लागत नाही. काय करायचे ते हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील.

याशिवाय हे जरूर सांगा : गेल्या सहा महिन्यांत आलेला हृदयविकाराचा झटका, बसवलेली कृत्रिम झडप, मान किंवा जबड्याला दिलेले किरणोपचार, गर्भधारणा आणि झोपेत दात खाण्याची सवय. यांपैकी काहींमध्ये इम्प्लांट पुढे ढकलावे लागते, काहींमध्ये फक्त जास्त काळजी घ्यावी लागते.

आधी कोणत्या तपासण्या होतात?

तोंड आणि हिरड्या पाहून झाल्यावर एक्स-रे काढला जातो. बहुतेक वेळा सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅनही सांगितला जातो. हा खर्च टाळण्याजोगा वाटतो, पण त्यातून तीन महत्त्वाच्या गोष्टी कळतात : हाडाची उंची आणि रुंदी किती आहे, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते, आणि वरच्या दाढांच्या वर असलेली सायनसची पोकळी किती जवळ आहे. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी ही नस इम्प्लांटच्या टोकापासून किमान २ मिलिमीटर दूर राहायला हवी.

हाड कमी असेल तर कृत्रिम किंवा स्वतःचे हाड भरावे लागते. वरच्या दाढांच्या जागी सायनसचा पडदा वर उचलून तिथे हाड भरतात. अशा वेळी उपचाराचा काळ काही महिन्यांनी वाढतो.

प्रत्यक्ष उपचार आणि लागणारा वेळ

एक-दोन इम्प्लांट्ससाठी दाखल व्हावे लागत नाही. दात काढताना देतात तसेच भुलीचे इंजेक्शन हिरडीत दिले जाते. दाब आणि कंपन जाणवते, वेदना जाणवत नाही. एका इम्प्लांटला साधारण अर्धा ते एक तास लागतो. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

त्यानंतर हाडाला स्क्रू धरून ठेवण्यासाठी वेळ द्यावा लागतो. खालच्या जबड्यात हा काळ साधारण दोन ते तीन महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने तीन ते सहा महिने. मग माप घेऊन कॅप बसवली जाते. परदेशातून सुट्टीवर येऊन दात करून घेणाऱ्यांनी हे गणित आधीच मांडावे. एका सुट्टीत स्क्रू आणि पुढच्या सुट्टीत कॅप, असे नियोजन घाईपेक्षा चांगले.

‘तीन दिवसांत पक्के दात’ खरे असतात का?

इम्प्लांट बसवल्यावर लगेच दात बसवण्याची पद्धत अस्तित्वात आहे आणि निवडक रुग्णांमध्ये ती यशस्वीही होते. त्यासाठी हाड घट्ट असावे लागते आणि स्क्रू बसवतानाच पुरेसा आवळला जावा लागतो. हे प्रत्यक्ष बसवताना नक्की कळते. त्यामुळे तोंड न पाहता, स्कॅन न काढता तीन दिवसांची खात्री देणाऱ्यांपासून सावध राहा. लगेच बसवलेले दात बहुतेकदा तात्पुरते असतात. हाड जुळले, की कायमचे दात बसवले जातात. ‘आज दिलेले दात तात्पुरते की कायमचे?’ आणि ‘कायमच्या दातांचा खर्च यात धरला आहे का?’ हे दोन प्रश्न नक्की विचारा.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस

• पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थांबून थांबून बर्फ लावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते, मग उतरते.
• पहिले २४ तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. रक्ताची गुठळी निघून येते.
• गार किंवा कोमट, मऊ अन्न घ्या : ताकभात, मऊ खिचडी, दही, गार केलेली पेज. भाकरी, चिवडा, शेंगदाणे आणि तिखट रस्सा काही दिवस बाजूला ठेवा. मधुमेह असेल तर उपाशी राहून गोळ्या घेऊ नका.
• दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलके खळखळवा. डॉक्टरांनी दिलेले माउथवॉश सांगितले तेवढेच दिवस वापरा.
• सायनसच्या जागी हाड भरले असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंका.

ताबडतोब फोन केव्हा करावा?

• स्वच्छ कापसाचा बोळा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल.
• तीन दिवसांनंतर सूज किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप किंवा पू येत असेल.
• दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल. भूल काही तासांत उतरते. त्यानंतरही बधिरपणा असेल तर नसेवर दाब असू शकतो. ‘उतरेल हळूहळू’ म्हणून आठवडाभर थांबू नका. दाब लवकर काढला तर संवेदना परत येण्याची शक्यता जास्त असते.
• गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.

न दुखणारा आजार : रोजची काळजी

कॅप बसली की अनेकांना काम संपले असे वाटते. खरे तर तुमचे काम तिथून सुरू होते. इम्प्लांटभोवती जंतूंचा थर साचला की आधी फक्त हिरडी सुजते. ब्रश करताना रक्त येते, बाकी काही जाणवत नाही. या टप्प्यावर नीट साफसफाई केली तर ती पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झाले तर जंतू खाली उतरतात आणि इम्प्लांटभोवतीचे हाड खाऊ लागतात. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. गेलेले हाड परत मिळवणे अवघड असते, आणि इम्प्लांट हलू लागेपर्यंत रुग्णाला बहुतेकदा काहीच दुखत नाही. म्हणून ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

• दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, विशेषतः हिरडीच्या कडेने घासा. राखुंडी, मिश्री, खरखरीत दंतमंजन वापरू नका.
• दातांमधल्या फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश किंवा जाड फ्लॉस रोज एकदा वापरा. आकार डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
• दर सहा महिन्यांनी तपासणी करा. हिरड्यांचा आजार, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर दर तीन-चार महिन्यांनी. डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून हाडाची पातळी आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहा.
• झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री नाइटगार्ड लावा. बर्फ, सुपारी, अख्खी खडीसाखर त्या दातांनी फोडू नका.

दात हलतो असे वाटले तर घाबरू नका, पण थांबूही नका. अनेकदा कॅपचा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. तसाच वापरत राहिलात तर मात्र तो आत तुटू शकतो.

खर्च आणि कागदपत्रे

दोन दवाखान्यांनी सांगितलेल्या रकमांची तुलना करण्यापूर्वी त्यात काय काय धरले आहे ते पाहा. इम्प्लांटचा स्क्रू, अबटमेंट, कॅप, स्कॅन, लागल्यास हाड भरणे आणि तात्पुरता दात हे सगळे वेगवेगळे आकारले जाऊ शकते. स्वस्त वाटणारी रक्कम कधी कधी फक्त स्क्रूची असते. अपघात वगळता दातांच्या अशा उपचारांचा खर्च आरोग्य विम्यात बहुधा मिळत नाही, म्हणून पॉलिसी आधी वाचा. खर्च परवडत नसेल किंवा दुसरे मत हवे असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईतील नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात चौकशी करता येते.

आणखी एक वस्तू मागून घ्या : इम्प्लांट कार्ड. इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव, आकार आणि लॉट क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो कार्डावर लावून मिळतो. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते उघडण्याचे हत्यार वेगळे असते. दहा वर्षांनी तुम्ही दुसऱ्या गावी असाल, पहिला दवाखाना बंद झाला असेल, तेव्हा सैल झालेला दात आवळायला हेच कार्ड लागेल. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या एकाकडे ठेवा.

होकार देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. माझा दात वाचवता येणार नाही, हे कशावरून ठरवले?
२. माझ्यासाठी ब्रिज किंवा कवळी का योग्य नाही?
३. माझे हाड पुरेसे आहे का? स्कॅनमध्ये मला दाखवाल का?
४. शस्त्रक्रिया कोण करणार आणि कॅप कोण बसवणार? त्यांची पात्रता आणि राज्य दंत परिषदेतील नोंदणी काय आहे?
५. कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे? त्याचे भाग पुढेही मिळतील का?
६. इम्प्लांट जुळलेच नाही तर पुढे काय, आणि तो खर्च कोणाचा?

प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उत्तर द्यायला वेळ नसेल, तर तुम्हीही निर्णयाची घाई करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वयाची मर्यादा आहे का? वरची मर्यादा नाही. सत्तरी-ऐंशीतही प्रकृती चांगली असेल तर करता येते. खालची मर्यादा मात्र आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट करू नये. मुलींमध्ये साधारण १८ आणि मुलांमध्ये त्याहून थोड्या उशिरापर्यंत थांबतात. इम्प्लांट जबड्याबरोबर वाढत नाही, त्यामुळे शेजारचे दात पुढे जातात आणि ते आखूड दिसू लागते.

नंतर एमआरआय करता येतो का? हो. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही. तरीही तपासणीपूर्वी इम्प्लांट असल्याचे सांगा. कवळी चुंबकावर बसणारी असेल तर ते आवर्जून सांगा.

एकदा निकामी झाले तर पुन्हा करता येते का? बहुतेकदा येते. जुने काढून, जागा भरून येऊ देऊन आणि कारण शोधून. साखर, तंबाखू किंवा अस्वच्छता हे कारण तसेच राहिले, तर दुसऱ्या इम्प्लांटचेही तेच होते.

दात काढून आठवडा झाला असेल तरी निर्णय आजच घ्यायला हवा असे नाही. साखर तपासा, गोळ्यांची यादी करा, तंबाखू सोडायला सुरुवात करा आणि वरचे प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार योग्य निर्णय तुमचे दंतवैद्य तपासणीनंतरच देऊ शकतील.